एक मेलेला दुआर्त

कार्ल्याच्या भागुबाईला दुसरा पणतू झाला आणि पेढ्यांचा खोका रिकामा व्हायच्या आत नावाचा घोळ सुरू झाला.

पहिल्याच्या वेळी घोळ झालाच नव्हता. थोरला पणतू जन्मला, भागुबाईने सांगितलं की घरधन्याचं नाव लावायचं, आणि पोराचं नाव महिपती ठरलं. आता ते नाव घरात आजवर कुणी मोठ्याने घेतलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. नवऱ्याचं नाव म्हणून भागुबाई घेत नाही, सासऱ्याचं म्हणून सून घेत नाही आणि बापाच्या नावाने हाक मारून रागवायचं कसं म्हणून मुलगा केरबा घेत नाही. पोराला सगळे आबा म्हणतात. अंगणवाडीत बाईंनी महिपती म्हणून हाक मारली तर पोर मागे वळून बघतं, कोण आलंय म्हणून.

दुसऱ्याच्या वेळी मात्र नातसुनेने तोंड उघडलं. नातसून लिनेट, लोणावळ्याची, ख्रिश्चन. तिचे वडील दुआर्त कुलासो मूळचे गोव्याचे, पण सगळी हयात रेल्वेत गेली. घाट चढायला गाडीला मागून जे जादा इंजिन लावतात, ते चालवायचे. लिनेट तळेगावात नर्स होती, नातू अमृत तिथल्याच एका कंपनीत कामाला होता, कंपनीत त्याचा हात कापला आणि पट्टी बांधता बांधता जमलं. लग्नात भागुबाईने ताटात तांदूळ पसरले, अमृतच्या हातात अंगठी दिली आणि नवरीचं नवं नाव लिहून घेतलं, स्नेहल. गावातल्या बाया बघत होत्या, पोरगी फणकारते का म्हणून. पोरीने मान डोलावली. तेव्हापासून भागुबाई तिला चार शिव्या कमी द्यायची.

लिनेटचं म्हणणं एवढंच होतं, की तिच्या माहेरी पहिला मुलगा बापाकडचं नाव घेतो आणि दुसरा आईच्या बापाचं. पहिल्याला तुमचं दिलं, आता दुसऱ्याला माझ्या वडिलांचं द्या. कुलासोंच्या घरात एक पिढी सोडून एक दुआर्त चालत आलेला आहे. वडिलांना मुलगा नाही, भाऊ नाही. आपण नाही ठेवलं तर नाव तिथंच संपलं.

भागुबाई "न्हाई" म्हणाली आणि उठून गोठ्याकडे गेली.

घरातल्यांनी काय समजायचं ते समजलं. म्हातारीला किरिस्ताव नाव नको आहे. अमृतने समजावून पाहिलं, की आजी, आता कोण बघतं, लोक पोरांना काय वाटेल ती नावं ठेवतात. केरबा आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, तो तंबाखू मळत बसला. तिसऱ्या दिवशी भागुबाई बाळाला तेल लावत होती, तेव्हा लिनेट जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, माझं नाव तुम्ही तांदळात घातलंत. मी एका शब्दानं बोलले नाही. बाबांचं तेवढं राहू द्या."

भागुबाईने बाळाचे पाय ओढले, छाती चोळली, आणि पाणी आण म्हणाली.

खरी गोष्ट भागुबाईने कुणालाच सांगितली नव्हती. नाव किरिस्ताव आहे याचं तिला काही नव्हतं. नाव जित्या माणसाचं आहे, याचं होतं. जित्या माणसाचं नाव पाळण्यात गेलं की एका जागेला दोन धनी होतात, आणि मग जुन्याला जागा सोडावी लागते. तिच्या माहेरी, पवनेच्या काठी, चुलतभाऊ बजरंगने हौसेने बापाचं नाव बाप जिता असताना पोराला ठेवलं होतं. भात झोडायच्या आत म्हातारा गेला. म्हाताऱ्याला दमा होता आणि वर्षभर तो खाटेवरच होता, हे भागुबाईला ठाऊक होतं. पण दम्याने तो वर्षभर मेला नव्हता, हेही तिला ठाऊक होतं.

आणि कुलासोच्या काळजात दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी स्प्रिंग घातली होती.

बरं, हे बोलून दाखवायची सोय नाही. माणसाच्या तोंडावर त्याच्या मरणाचा विषय काढला तर काढणाऱ्याच्या जिभेला हाड नाही म्हणतील, आणि अशा गोष्टी बोलल्या की जास्तच खऱ्या होतात. म्हणून तिने घरच्यांना समजायचं ते समजू दिलं. घमेंडखोर म्हातारी म्हणून नाव व्हायला तिची ना नव्हती, ते तर होतंच. पण त्या बायको मेलेल्या इवायाला आपल्या पाळण्याने खाल्लं असं व्हायला नको होतं. घरधनी गेले तेव्हा हाच माणूस लोणावळ्याहून पहिल्या गाडीने आला होता आणि तेरावं होईपर्यंत केरबाशेजारी मुकाट बसून राहिला होता. जवळच्या भावकीतल्या लोकांनाही तेवढं जमलं नव्हतं.

चार दिवस विचार करून भागुबाईने वाट काढली. दुआर्त नाव ठेवायचं, पण इवायाचं नाही. दुसऱ्या एखाद्या दुआर्तचं ठेवायचं. मेलेल्या. आणि तो माणूस बरा असला पाहिजे, सुखाने मेलेला असला पाहिजे, कारण नावासोबत नशीब येतं. तिने अमृतला सांगितलं, की सासऱ्याला रविवारी बोलाव, मला नावाची चौकशी करायची आहे.

रविवारी कुलासो कार्ला फाट्यावर उतरून चालत आले. हातात बेकरीचा केक होता. ओटीवर घोंगडी अंथरली होती. भागुबाईने आधी पाणी दिलं, मग चहा दिला, आणि मग पोरीला स्थळ आलं की करतात तशी चौकशी सुरू केली. नावाचं मूळ गाव कोणतं, कूळ कोणतं, त्या नावाची माणसं कोण कोण होऊन गेली, कशी वागली आणि कशी मेली. लिनेट बाळाला घेऊन दाराशी उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता. म्हातारी नावं ठेवायलाच बसली आहे, असं तिला वाटत होतं.

कुलासो मात्र खुलले. त्यांचे एक काका पाद्री होते आणि लहानपणी त्यांनी या नावाची सगळी कुळकथा पुतण्याला ऐकवली होती. दुआर्त हे पोर्तुगीजांचं नाव, पण मूळचं त्यांचं नाही. मूळ इंग्रजी, एडवर्ड. त्याचा अर्थ धनाचा राखणदार.

अर्थ भागुबाईला पटला. राखणदार म्हणजे गावाच्या शिवेवरचा देव, त्यात वाईट काही नाही. तुमच्या घरात ते कसं आलं, असं तिने विचारलं. कुलासोंनी लपवलं नाही. चारशे वर्षांपूर्वी मूळ पुरुषाला पाद्र्यांनी बाटवलं तेव्हा जो पोर्तुगीज साक्षीला उभा राहिला, त्याचं नाव त्याला दिलं गेलं.

"आन् त्येच्या आदी त्याचं नाव काय हुतं?"

"ते कुणालाच माहीत नाही, मावशी."

भागुबाईने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग तिने विचारलं, की तुमच्या घरातला तुमच्या आधीचा दुआर्त कोण. कुलासो म्हणाले, आजोबा. बोटीवर खानसामा होते. आफ्रिकेला गेले, ते परत आले नाहीत. तिकडे दुसरं घर केलं म्हणतात.

"मेलं का?"

"आता मेलेच असतील की. सव्वाशे वर्षांचे झाले असते."

"असतील म्हणू नगा. कुणी बगितलं?"

कुणी बघितलं नव्हतं. आजोबा बाद झाले. मग भागुबाईने मोठ्या माणसांकडे मोर्चा वळवला. कुलासोंनी पहिला काढला तो पोर्तुगालचा राजा दुआर्त. शहाणा होता, शिकलेला होता, पुस्तकं लिहायचा. पण गादीवर जेमतेम पाच वर्षं बसला. आफ्रिकेतल्या लढाईत हरला, धाकटा भाऊ शत्रूकडे ओलीस राहिला, आणि राजा प्लेगने गेला. भागुबाईने हात हलवला, जसं ताटावरची माशी हाकलावी.

दुसरा दुआर्त पाशेको. हा शूर. कोचीच्या राजाच्या बाजूने मूठभर माणसं घेऊन खाडीच्या उतारावर उभा राहिला आणि कालिकतच्या सामोरी राजाची एवढी मोठी फौज त्याने कित्येक महिने अडवून धरली. हे ऐकताना केरबासुद्धा तंबाखू मळायचा थांबला. मूठभर माणसांनी खिंड धरायची गोष्ट मावळात कुणालाही आवडते. भागुबाईने विचारलं, पुढे काय झालं. पुढे त्याच्या राजाने आधी मिरवणूक काढली आणि मग राजाच्या मुलाने कुणाच्या तरी चहाडीवरून त्याच माणसाला बेड्या घातल्या. सुटला, पण शेवट गरिबीत झाला.

"म्हंजी वापरून टाकला," भागुबाई म्हणाली. "फुडं."

पुढचा दुआर्त बार्बोसा. केरळात राहिला, तिथली भाषा तिथल्या लोकांसारखी बोलायचा, किनाऱ्यावरच्या सगळ्या जातीजमातींची हकिकत लिहून ठेवली. भागुबाईला हा आवडू लागला होता. मग कळलं, की तो लांब पूर्वेच्या बेटांवर गेला आणि तिथल्या राजाने जेवायला बोलावून त्याला मारला. त्याच्यानंतर कुलासोंनी अडखळत आणखी एकाचं नाव काढलं. दुआर्त द मिनेझिस, गोव्याचा गव्हर्नर. कारभारात इतकं खाल्लं की मायदेशी नेऊन कैदेत टाकला.

"ह्यो आपल्यात सरपंच झाला आस्ता," भागुबाई म्हणाली.

अमृत हसला, पण कुलासो हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. नावाला कुणी लायकच नाही असं ही बाई घोळून घोळून सिद्ध करते आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते सावकाश म्हणाले, की मावशी, नको असेल तर नको म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण एक विचारतो. तुम्ही प्रत्येकाचं मरणच का विचारताय? माझं नाव आहे, मी समोर बसलोय, माझं ठेवतोय म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा.

आता मात्र भागुबाईचं तोंड सुटलं.

"तुमाला मरायची लय घाई हाय का, इवाई? जित्या माणसाचं नाव कुनी पाळण्यात घालतंय का? काळजात स्प्रिंग घालून फिरताय, आन् वरनं माज्या पोराच्या हातनं जागा खाली करून घ्यायला निगालाय. मी काय नावाला नगं म्हंते? मी मेलेला दुआर्त हुडकतीया, आन् तुमच्यात एक धड मेलेला न्हाई."

दाराशी लिनेटने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. कुलासोंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले. त्यांच्यात जित्या आजोबाचंच नाव ठेवतात, त्यांचंही तसंच ठेवलं होतं, त्याने कुणी मेलं नव्हतं, असं ते सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्याऐवजी ते पुन्हा मूळ नावावर आले.

पोर्तुगालच्या त्या राजाला दुआर्त नाव मिळालं कसं, हे सांगायचं राहिलं होतं. त्याची आई इंग्लंडच्या राजघराण्यातली. लग्न होऊन परमुलखात आली आणि मुलाला तिने आपल्या आजोबांचं नाव दिलं, एडवर्ड. तिथल्या जिभेवर त्याचं दुआर्त झालं. राजघराण्यात नाव आलं ते असं, सुनेच्या माहेराहून.

भागुबाई पुढे सरकली. "त्यो आजा कसा हुता?"

इंग्लंडचा राजा. पन्नास वर्षं राज्य केलं. डझनभर मुलं. साठी ओलांडून आपल्या अंथरुणात गेला.

"नक्की मेलाय न्हवं?"

"साडेसहाशे वर्षं झाली, मावशी. दगडी कबर आहे."

केरबाने या वेळी तोंड उघडलं. इंग्रजाचं नाव आपल्या घरात, असं तो अर्धवट पुटपुटला. भागुबाईने त्याला तिथल्या तिथे झोडपला. ह्याच कार्ल्यात मराठ्यांशी लढताना इंग्रजांचा इष्टुर साहेब पडला, शत्रूचा होता, तरी आपल्याच लोकांनी त्याला फाकडा म्हटलं, आणि वडगावात त्याच्या समाधीला अजून लोक नारळ देतात. तिथे नारळ देताना तुझी जात जात नाही आणि इथे जाते का? केरबा पुन्हा तंबाखूकडे वळला. भागुबाईने डब्यातून चिमूटभर साखर घेतली आणि कुलासोंच्या हातावर ठेवली. चौकशी संपली, स्थळ पसंत.

बारशाला गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. पाळण्याखालून आणि वरून बाळाची देवाणघेवाण झाली, अमृतची बहीण सविता आत्या म्हणून वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव बाहेर आल्यावर बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. शेजारची शालूबाई तेवढी गप्प बसणारी नव्हती. तिने हे कसलं नाव म्हणून विचारलं, आणि हे तर सुनेच्या बापाचं नाव ना, बाप तर बाहेर ओटीवर चांगला बसलाय, असंही जोडलं.

"त्येंचं कशाला आसंल?" भागुबाई म्हणाली. "इंग्लंडच्या राजाचं हाय. आईच्या माह्यारनं आलंय, साडेसाशे वरसं चालू हाय. तुज्या नातवाचं त्ये रियांश कंच्या राजाचं, शालू?"

बाया हसल्या. शालूबाईही हसली, तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ओटीवर कुलासो पुरुषांच्यात बसले होते. आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. अमृतने त्यांच्याकडे पाहिलं, की आता यांना वाईट वाटतंय का, नाव त्यांचं असून परक्या राजाच्या खात्यात गेलं म्हणून. कुलासोंनी नाही म्हणून नुसती मान हलवली. आत कुणीतरी बाळाला हाक मारत होतं, दुआर्त, दुआर्त, आणि ते दोन्ही वेळा ओ द्यायला तोंड उघडून थांबले.

थोड्या वेळाने भागुबाई स्वतः घुगऱ्यांचं पातेलं घेऊन बाहेर आली. सगळ्यांना एकेक वाटी दिली, कुलासोंपुढे दोन ठेवल्या. ते म्हणाले, की एवढं नको, डॉक्टरांनी जपून खायला सांगितलंय. भागुबाईने एक वाटी उचलून परत पातेल्यात ओतली, दुसरी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "मंग येवडंच खावा. पर आता दर रविवारी येत चला. मला बगायला पायजे तुमी हायसा म्हनून."

कुलासोंनी पहिला घास घेतला. तो गिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.