ठकुबाईंचं गाणं कुणाचं?

मी एक सीडी, आणि आज मी भांडायला बोलतेय. बसवनगुडीतल्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीखालच्या खणात राहते. माझ्यात गौरीची नऊ गाणी आहेत, सगळी ठकुबाईंच्या आवाजातली.

ठकुबाई मूळच्या निपाणीकडच्या. मुलाच्या नोकरीपायी बेंगळुरात आल्या. वीस वर्षांमागे एका कंपनीने त्यांना बोलावून अर्ध्या दिवसात गाऊन घेतलं, कागदावर सही घेतली, शाल-नारळ दिला आणि वाटेला लावलं. एक सीडी घरी पाठवावी एवढंही कुणाला सुचलं नाही. बाईंनी चिकपेटच्या दुकानातून मला विकत आणलं. स्वतःचाच आवाज, तोही विकत.

तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि बाईंचा आवाज कायमचा गेला. या घरात गौरीला नैवेद्य दाखवला की थोरल्या बाईने गाणं म्हणायचं, मगच पानं वाढायची. ते काम आता माझ्यावर आलं. माझ्या अंगावर मात्र चरे पडत चालले होते. नात कावेरी म्हणाली, "आज्जी, फोनमध्ये उतरवून घेऊया."

तिने मला कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात नेलं. तिथल्या नागराजने माझ्या कव्हरवरचं बारीक अक्षर वाचलं. "अक्का, कॉपी करणं गुन्हा म्हणून लिहिलंय. कंपनीला स्वल्प विचारून घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शंभर प्रती काढून बाजारात विकल्या तर ती चोरी, हे मलाही कळतं. पण या घरातली गाणी याच घरातल्या फोनमध्ये गेली तर कुणाचं काय लुटलं? कावेरीही तेच म्हणाली. ठकुबाई पडल्या सरळ बाई. त्यांनी वहीत लिहून दाखवलं, 'मी सही दिलीय. विचारल्याशिवाय नको.'

मग कावेरी मेलवर मेल पाठवत बसली. दोन गौरी उलटल्या. शेवटी उत्तर आलं, आमचं ॲप घ्या. घेतलं. त्यात ठकुबाईंचं एकही गाणं नव्हतं, केव्हाच काढून टाकलेलं. स्वतः सांभाळायचं नाही आणि दुसऱ्याला सांभाळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

तेव्हा कुठे बाईंनी मान हलवली. शेजारच्या विश्वासरावांचा सीडी चालणारा जुना लॅपटॉप आणला. आठ गाणी उतरली. नववं, गौरीला निरोप द्यायचं, अर्ध्यावर अडलं. मला पुसून पुसून लावलं, पण माझ्याने होईना. दोन वर्षं आधी मागितलं असतं तर अख्खं दिलं असतं मी.

विकत घेतलेलं गाणं घरच्या घरी जपायला परवानगी कसली मागता? तुमच्या खणात माझ्यासारखी कुणी पडली असेल तर आजच तिला बाहेर काढा.

यंदा गौरी निघाल्या तेव्हा फोनमधलं गाणं मध्येच थांबलं. ठकुबाईंनी उरलेली कडवी नुसते ओठ हलवून पुरी केली आणि कावेरी त्यांच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द लिहून घेत राहिली. शब्द सगळे मिळाले. आवाज माझ्यातच राहिला.