शेगडीतली खुळखुळ

नवी कोरी शेगडी आणि खुळखुळ्यासारखी वाजते! माझं डोकंच फिरलं. इंदापूरच्या विकीनं आमच्या सांगवीच्या पोल्ट्री शेडसाठी कोळशावर चालणारी ही मोठी लोखंडी शेगडी बनवून पाठवली होती. आतली जाळी हलत होती, दार बिजागरीत डगडगत होतं, धुराचा पाइप तर नुसता हात लावला तरी डुलायचा. दुपारी चारला एक दिवसाची अडीच हजार पिल्लं येणार होती. गेल्या थंडीत शेड गार पडलं आणि सहाशे पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढून गुदमरली. ती मी माझ्या हातांनी पुरली. पुन्हा तसं झालं तर शेडला कुलूपच घालायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

विकीला फोन लावला.

“जयभीम वहिनी. जाळी तशीच असती, तिला हात लावू नका. पाइपाचं स्क्रू तेवढं आवळा, वाटंत ढिलं झालं असतील.”

“तुझ्या घरी असती तशी!” म्हणत मी फोन ठेवला.

हलणाऱ्या वस्तूचं काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको. कुदळीचा दांडा हलला की आम्ही पाचर ठोकतो, चुलीला फट पडली की माती लिंपतो. मी जाळीच्या चारी बाजूंना लोखंडी पाचरा ठोकल्या, बिजागऱ्या हातोडीनं चेपल्या, दाराच्या कडांना माती भरली. पाइपाला तारेचा एक वेढा दिला. मग शेगडी गदागदा हलवून बघितली. हूं नाही की चूं नाही. स्वतःवरच खूश होऊन मी सकाळी आठ वाजता जाळ केला.

तासाभरात आतून ‘टण्ण’ असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. दाराच्या मातीला गेलेल्या तड्यातून बघते तर जाळी मधोमध फुगून वर आलेली, कोळसे सगळे एका अंगाला. दार ओढलं तर ते चौकटीत गच्च अडकलेलं. पाइपाच्या सांध्यातून धूर शेडमध्ये भरायला लागला. मी पाण्याची बादली उचलली.

“पाणी न्हाय! तडकंल ते!”

दारात आबा उभे होते. आबा म्हणजे माझे सासरे, साहेबराव. उभा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला माणूस. घरात त्यांचं कुणी फारसं ऐकत नाही, मीही नाही. पण त्या दिवशी बादली खाली ठेवली.

त्यांनी शेगडीखालची हवेची झडप बंद केली. “आता गार होऊ दे.”

“आबा, चारला गाडी येतीय!”

“येऊ दे. लोखंडाला घाई सांगून चालत न्हाय.”

गार होता होता दार आपसूक सुटलं. आबांनी आकड्यानं निखारे बाहेर ओढले, एकेक पाचर काढली, दाराची माती खरवडली, बिजागऱ्या सैल केल्या. जाळी सपाट बसली आणि पुन्हा खुळखुळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“धूर जातो तितं आवळायचं,” पाइपाचे स्क्रू पिळत ते म्हणाले, “आन् जाळ लागतो तितं जागा सोडायची.” मग जाळीच्या कडेच्या फटीत एक तार घालून दाखवली. “जाती का?”

“जाती.”

“ध्यानात ठेव.”

पुन्हा जाळ केला. जाळीच्या सळया आधी काळ्या होत्या, मग तपकिरी झाल्या, मग हळूहळू लाल. आबांनी तीच तार माझ्या हातात दिली. मी त्याच फटीत घालायला गेले. जाईना. फटच उरली नव्हती. आकड्यानं शेगडीला हलका धक्का दिला, खुळखुळ बंद! लोखंड म्हणजे जगातली सगळ्यात मुकाट वस्तू, असं मी धरून चालले होते. ते माझ्या डोळ्यांदेखत वाढलं होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

“गार पडलं की परत आखडतंय?”

“दर टायमाला. बॉयलरच्या वाफेची पाइपलाइन बोटभर सरकायची. रोज बघायचो मी. रोज छातीत धस्स व्हायचं.”

पावणेचारला शेडमधला पारा चौतीसवर होता. गाडी आली. आम्ही पत्र्याच्या गोल कुंपणात, भुशावर खोकी रिकामी केली. मी श्वास धरून उभी. थंडी वाजली की पिल्लं एका जागी गोळा होतात, चिवचिवाटानं शेड डोक्यावर घेतात. ती गोळा झाली नाहीत. गुळाचं पाणी प्यायली आणि भाकरीवर तीळ पसरावेत तशी कुंपणभर पसरली. मग एकेक करून माना टाकून झोपायला लागली. अडीच हजार जीव आणि एवढी शांतता! मला रडूच आलं.

आबा चपला बाहेर काढून कुंपणात जाऊन बसले होते.

“बत्तीस वर्षं जाळ घातला, अंजली,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझ्या जाळापाशी कुणी झोपल्यालं आजच बघतोय.”

त्यांच्या पावलावर दोन पिल्लं पेंगत होती. मी चहाला हाक मारली तरी त्यांनी पाय हलवला नाही.