समोरासमोरचे दोन आरसे

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. माझी काच तळहाताएवढी, भोवती आठकोनी लाकडी चौकट आणि तिच्यावर लाल-हिरव्या रेघा. चीनमधल्या हूनान प्रांतातल्या एका सुताराने मला घडवलं ते दारावर टांगण्यासाठी. दाराशी काही वाईट आलं की त्याला आल्या पावली परत धाडायचं, एवढंच माझं काम.

मला विकत आणलं ल्याओ आजींनी. चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. समोरच्या बिऱ्हाडात मॉरिनबाई होत्या. आयर्लंडहून आलेल्या, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. कत्तलखान्याकडे निघालेल्या ट्रकमधून सोडवून आणलेली तीन कुत्री त्यांनी सांभाळली होती. दिवसभर ती कशी गुणी बाळं! दिवेलागणीला बाई त्यांना फिरायला काढत, तेव्हा मात्र तिघंही आजींच्या दारासमोर बसत आणि मान वर करून रडत. कुत्रं दारात रडलं की त्या घरातलं माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून आजींनी मला आपल्या दाराच्या चौकटीवर खिळ्याला अडकवलं आणि माझं तोंड बाईंच्या दाराकडे केलं. शिवाय वस्तीसमितीच्या ताओंकडे तक्रारही केली.

"अहो ताओ, माझ्या मरणाची वाट बघत बसतात हो ती!"

"आजी, तुम्हाला न्यायची कुणाची छाती आहे? तुमची जीभ वर झेपायची नाही कुणाला," ताओ हसले. मग जरा गंभीर झाले. "पण तक्रार राहिली, तर शनिवारी गाडी येईल. नेलेली कुत्री परत येत नाहीत. मागे घ्यायची असेल तर त्याआधी सांगा."

"मी कशाला मागे घेतेय?"

बिचाऱ्या मॉरिनबाई! त्यांना मी फार आवडलो. समोरच्या घरावर असा आरसा रोखणं म्हणजे तोंडावर शिवी देणं, हे परदेशी माणसाला कोण सांगणार? त्यांनी बाजारातून हुबेहूब माझ्यासारखा आरसा आणला आणि आपल्या दारावर लावला. थेट माझ्यासमोर.

"आजी, बघा! जोडी जमली!"

"जोडी? कपाळ माझं!" बाई आत गेल्यावर आजी पुटपुटल्या. "आता मधे जे असेल ते अडकलं. धड आत नाही, धड बाहेर नाही."

खरंच तसं झालं. माझ्यात तो, त्याच्यात मी. दारामागे दार, त्यामागे पुन्हा दार. संध्याकाळी कुत्री बाहेर येऊन बसली. मी मोजली, तर चार भरली.

चौथं खूप आतल्या दारात होतं. लहानसं, पांढरं, ओलंचिंब. तिघं त्याच्याकडे बघून रडत होती. ते मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हतं. त्याची नजर आजींच्या दारावर होती. दुसऱ्या संध्याकाळी ते एक दार अलीकडे आलं. तिसऱ्या संध्याकाळी आणखी एक. मी त्याला परत धाडायला गेलो, की समोरचा आरसा ते पुन्हा माझ्याकडे पाठवी. मित्रांनो, मी फार घाबरलो होतो. आणि आरशाला डोळे मिटता येत नाहीत.

शुक्रवारी दिवेलागणीला आजी मला पुसायला स्टुलावर चढल्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं, तीनच कुत्री होती. पुन्हा माझ्यात पाहिलं. मग उतरून त्यांनी समोरचं दार वाजवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"ते पांढरं पिल्लू कुणाचं गं?"

मॉरिनबाईंचा चेहरा उतरला. "चार आणली होती, आजी. एक इथेच गेलं, दोन दारांच्या मधे. भिजून थरथरत होतं. माझ्या घरची वीज गेली होती. गरम पाण्यासाठी मी तुमचं दार वाजवलं, पण तुम्ही घरी नव्हतात."

आजींनी वळून आपल्या दाराकडे पाहिलं.

"होते मी," त्या म्हणाल्या. "रोगराई आणलीस असं वाटलं. दाराच्या भोकातून बघत उभी होते."

मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. मेल्याला सातवा आठवडा भरला की त्याला वाट करून द्यावी लागते. तो आजच भरत होता. हे माणसांसाठी करतात, कुत्र्यासाठी कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. आजींनी समोरचा आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. माझ्यावर रुमाल टाकला, पण तो विरलेला होता, त्यातून मला दिसत होतं. त्यांनी दोन दारांपासून जिन्यापर्यंत तांदळाचं पीठ पसरलं आणि पहिल्या पायरीशी हाडांच्या रश्श्याचा वाडगा ठेवला. माणूस दिसलं की जाणाऱ्याचा पाय निघत नाही. म्हणून आजी तिन्ही कुत्र्यांना घेऊन बाईंच्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. स्वतःचं दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं. विसरल्या की मुद्दाम, मला ठाऊक नाही.

वारा नव्हता. पिठात एक पाऊल उमटलं. मग दुसरं. लहान, चार बोटांची पावलं. ती जिन्याकडे गेली नाहीत. रश्श्याकडेही गेली नाहीत. माझ्या खालून, उंबरठा ओलांडून आत गेली.

परतीचं एकही पाऊल नव्हतं.

बाहेर आल्यावर आजी त्या पावलांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. घाबरल्या असतील, पण पळाल्या नाहीत. "जायची वाट केली होती तुला," त्या हळूच म्हणाल्या, "तर आत आलंस होय? बरं. आलंस तर राहा." आणि किटली ठेवायला आत गेल्या.

सकाळी ताओ आले, तर आजींनी त्यांना दारातूनच पिटाळलं. "तक्रार? कसली तक्रार? कुत्री रडायची कधीच थांबली!" ती खरंच थांबली होती.

आता कुणाला परत धाडायचं नाही म्हणून आजींनी मला उतरवलंय, मी तांदळाच्या रांजणामागे पालथा पडलेला असतो. कुणी पुसत नाही, याचं वाईट वाटतं. रोज दिवेलागणीला आजी दाराशी गरम पाण्याची वाटी ठेवतात आणि मग फरशीवर नखं वाजत जवळ येतात. मित्रांनो, आरसा जपा, न जपा. पण कुणी दार वाजवलं तर उघडा. नाही उघडलंत, तर वाजवणारा निघून गेला असं समजू नका.