सुरीसाठी अडलेलं दार

मी ढाल बोलतेय. लढाईतली नव्हे हो, एक घाव खाल्लेला नाही मी! इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या साल्टमियरच्या कॅथेड्रलात, बिशपच्या खुर्चीमागे टांगलेली ओकच्या लाकडाची ढाल.

माझी अर्धी बाजू धर्मप्रांताची. निळ्यावर तीन रुपेरी हेरिंग मासे, ते कायमचे. उरलेली अर्धी बिशपची. नवा बिशप आला की जुन्याचं चिन्ह खरवडायचं, नव्याच्या घराण्याचं रंगवायचं. सिंह, गरुड, तलवारी... मिरवून मिरवून कंटाळले बाई मी!

यंदा नेमणूक झाली मॉरीन थर्टल यांची. घराण्याला चिन्ह कुठलं? आई, डोरिस, धक्क्यावर हेरिंग चिरायची. मॉरीनबाईंनी चिन्ह मागितलं ते तिच्या सुरीचं. चिन्हं मंजूर करणाऱ्या लंडनच्या कचेरीतून होकारही आला.

कॅथेड्रलचा कारभार बघणारे डीन वेनल्स मात्र चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "बिशपबाई, ती बाजू रिकामीच ठेवू या. सुरी बघून लोक काय म्हणतील?"

"आधीच्या बिशपांची तलवार चालली ना? तिनं कुणाचं पोट भरलं हो?"

डीन हसले आणि चालढकल करत राहिले. मला खरवडलं, पण रंगवेनात. अर्ध्या उघड्या अंगानं टांगून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गादीवर बसण्याचा दिवस उजाडला. आमच्याकडे रीत अशी, की नव्या बिशपनं बंद दारावर काठीनं तीनदा ठोकायचं, मग दार उघडतं. कॅथेड्रल खच्चून भरलेलं. पुढच्या रांगेत चाकांच्या खुर्चीत डोरिस. सगळ्यांचे कान दाराकडे, पण ठोकाच पडेना!

डीन बाजूच्या दारानं बाहेर धावले आणि घामाघूम होऊन परतले. "हिल्डा, रंग आण! ढालीवर सुरी रंगवल्याशिवाय ठोकणार नाही म्हणतात बिशपबाई!"

रंगारीण हिल्डा शिडीवर चढली. ऑर्गनवाला तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत बसला. थंडगार कुंचला अंगावरून फिरला आणि खरं सांगते, मला रडूच आलं. सुरी पुरी होताच डीन सांगायला पुन्हा बाहेर धावले.

ठक्. ठक्. ठक्.

बाई आत आल्या, माझ्यापुढच्या बिशपच्या खुर्चीपाशी थांबल्या. डोरिस मान वर करून बघत होती.

"मॉरीन," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं, ही तर माझी सुरी!"

पुढचा बिशप आला की मला पुन्हा खरवडतील. खुशाल खरवडा, रीतच आहे. पण कुंचला उचलण्याआधी त्याला एवढं विचारा: तुझी आई काय काम करायची रे?