स्कार्पातोच्या तोंडचा ओयार्बिदे

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी ह्या माणसासमोर बिलियर्ड खेळतोय, आणि एकदाही, अहो एकदाही, त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. नेस्तोर स्कार्पातो. चौकातलं औषधांचं दुकान त्याचंच.

पेर्गामिनो गावातल्या आमच्या क्लबात फटका अफलातून बसला की 'वा' किंवा 'शाबास' म्हणत नाहीत. 'ओयार्बिदे!' म्हणतात. हा ओयार्बिदे मोठा खेळाडू. मी पोस्टात नवीन लागलो होतो तेव्हा त्यानं आमच्याच टेबलावर एक संध्याकाळ खेळून दाखवलं होतं. तो गेला, आडनाव तेवढं राहिलं. पण ते कुणीही ओरडून चालत नाही. समोर खेळणाऱ्यानंच म्हणायचं आणि म्हणताना काठीचं बूड फरशीवर आपटायचं. बघे नाचले तरी त्याला किंमत शून्य.

तर हा स्कार्पातो. गुरांच्या डॉक्टरला म्हणाला, जो काठी झाडूसारखी धरतो! मला कधीच नाही. माझा फटका बसला की म्हणणार, "नशीब." नाहीतर, "बरा होता." एकदा तर, "वाऱ्यानं गेला असेल." बंद खोलीत कसला आलाय डोंबलाचा वारा?

आणि आता दुकान विकून हा निघाला स्पेनला, मुलीकडं. कायमचा. शनिवारचं विमान. गुरुवारी दुपारी आमचा शेवटचा डाव होता, आणि मला दुसरं काहीही नको होतं. डाव घाल चुलीत. तो शब्द हवा होता.

"एवारिस्तो, आज हात थरथरतोय की काय?" काउंटरमागून इर्माबाई.

"तुम्ही वर्मुथ ओता. माझ्या हाताची काळजी नको."

आमच्या टेबलाला भोकं नसतात. आपला बॉल बाकीच्या दोन्ही बॉलना शिवला पाहिजे, आणि दुसऱ्याला शिवायच्या आधी तीनदा काठाला लागला पाहिजे. मला एकच गुण हवा होता आणि बॉल पडले होते अगदी भिकार. पिवळा जवळ, लाल पार पलीकडच्या कोपऱ्यात, स्कार्पातोच्या पोटापाशी. मी खडू लावला, वाकलो आणि मारला.

काय गेला सांगू! पिवळ्याला शिवला, एक काठ, दुसरा, तिसरा, आणि मग हळूहळू, जीव खात, लालकडं सरकला. सगळे उभे राहिले. बॉल लालला टेकला आणि थांबला.

टेकला, असं सगळ्यांना वाटलं. मी काठाशी डोळा लावून वाकलेलोच होतो. मधे फट होती. केसाएवढी, पण होती.

तेवढ्यात ठक्क! काठी फरशीवर आपटली.

"ओयार्बिदे!" स्कार्पातो ओरडला.

क्लब दणाणला. कुणी माझी पाठ बडवली, इर्माबाईंनी तर चक्क डोळे पुसले. आणि मी? मला असा संताप आला म्हणता! एकतीस वर्षांत शेकडो खरे फटके मारले, तेव्हा ह्याच्या तोंडाला कुलूप. आणि म्हणाला कशावर, तर हुकलेल्यावर! गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू.

"लागला नाही," मी म्हणालो.

"लागला."

"गाढवा, फट दिसते मला इथून!"

स्कार्पातो टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला आणि कानाशी लागला. "मलाही दिसते. माझे डोळे शाबूत आहेत."

"मग म्हणालास कशाला?"

"तिकडं कुणाला म्हणू, एवारिस्तो? तिकडं हे आडनाव कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. तुला म्हणायचं राहून गेलं होतं. घे की लेका, कधी नव्हे ते देतोय तर."

मी पुन्हा खडू उचलला.

"भीक नकोय मला तुझी. मांड बॉल."

"वेडा आहेस का?"

"मांड म्हणतो ना! होते तिथेच."

त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बॉल मांडले, तंतोतंत. मी मारला. हुकला. त्यानं परत मांडले. पुन्हा हुकला. लोक कंटाळून पांगले, इर्माबाईंनी खुर्च्या उलट्या करून ठेवल्या. त्याच्या बायकोचा दोनदा फोन आला, सामान बांधायचंय म्हणून. हा उचलेना. मी बारा वेळा मारला, आणि बाराही वेळा तो कोपऱ्यात वाकून, नाक टेबलाला लावून, नीट बघून म्हणाला, "नाही."

बाराव्या वेळी त्याला ते धड म्हणता येईना. तरी म्हणालाच.