गौतमीची थंडाई

गेणबाआप्पांनी वाटी माझ्या टेबलावर ठेवली आणि दार लोटून घेतलं. "ह्यात आफू हाय, एवढं फकस्त लिवून द्या, ताई."

वाटीत थंडाईसाठी वाटलेली खसखस होती. कोळवणात मी यांच्या माडीवर भाड्यानं राहते आणि उरवड्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत अफूच्या बोंडातल्या अल्कलॉइडांवर संशोधन करते. त्यामुळे गावात माझी ओळख 'आफूवाली बाई'. एरवी या नावावर मी भडकते. त्या दिवशी भडकायचं सुचलं नाही, कारण आप्पांच्या पोरीचं सगळं बुडायची वेळ आली होती.

गौतमी कुस्ती खेळते. राज्याच्या निवड चाचणीत ती पहिली आली आणि मग तिच्या लघवीत अफूतलं, खेळाडूंना बंदी असलेलं मॉर्फीन सापडलं. दोन दिवसांनी उत्तेजक चाचणीच्या समितीपुढे खुलासा द्यायचा होता. तो पटला नाही तर ऐन उमेदीची वर्षं मॅटवर पाय ठेवता येणार नव्हता. "मी काय बी घेतलं न्हाई," एवढंच ती म्हणत होती.

खसखशीत मुळात नशा नसते. पण बोंडाचा चीक दाण्यांना लागून वाळतो आणि त्या चिकात मॉर्फीन असतं. एखाद्या पोत्यात बरंच, एखाद्यात नावाला.

"धुऊन घेता ना?" मी विचारलं.

"मग! रातभर भिजवायची, गाळायची, मंग पाट्यावर."

दुकानातल्या न धुतलेल्या खसखशीत काय सापडतं याला अर्थ नाही, पोटात गेलेलंच तपासायचं, असं मी मोठ्या ऐटीत म्हणाले. साहेबांची परवानगी काढली आणि वाटीतली खसखस यंत्राला लावली. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट आली. पुन्हा लावली, पुन्हा सपाट.

संध्याकाळी आप्पा ओट्यावरच बसले होते. माझा चेहरा बघून उठले.

"न्हाई?"

"नाही, आप्पा. एवढं मॉर्फीन यातून आलेलं नाही."

बापाला स्वतःचा गुन्हा हवा होता आणि तो मी त्याला दिला नाही. मग उरली पोरगी. आत जाऊन त्यांनी तिचे कुस्तीचे बूट उचलले आणि अंगणात भिरकावले.

"कुनी दिलं गं तुला? खरं बोल!"

"आप्पा, तुमच्या हातचंच खाते मी. दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं आसंल तर जीभ झडंल माझी."

तिची आई, रंभाबाई, मधे पडल्या तर आप्पांनी त्यांनाही बाजूला सारलं. मला स्वतःच्या यंत्राचा इतका राग कधीच आला नव्हता. यंत्र खोटं बोलत नाही हे मी जन्मभर सगळ्यांना ऐकवत आले. पण ही पोरगीही खोटं बोलत नव्हती, हे मी छातीठोक सांगितलं असतं.

सकाळी कंपनीच्या बससाठी खाली उतरले. बूट अजून अंगणातच पडले होते. तरीही आप्पा पाट्याजवळ बसलेले. राग होता तसाच होता, पण पोरीचा खुराक चुकवायला त्यांचे हात तयार नव्हते. भिजलेली खसखस त्यांनी फडक्यातून गाळली, खालचं गढूळ पाणी पितळी पेल्यात भरलं आणि तिच्याकडे न बघता तिच्यापुढे सरकवलं. गौतमीने पेला उचलला.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की रंभाबाईंच्या हातची भाकरी तव्याबाहेर पडली. "आप्पा, हे काय?"

"पानी. सगळं सत्त्व पान्यातच उतरतं न्हवं? हरभऱ्याचं न्हाई का उतरत? थंडाई आमी समदीच पितो, पन हे एकल्या गौतमीचं. एक थेंब सांडू देत न्हाई मी."

मी कपाळावर हात मारून घेतला. धुता का, ते विचारलं होतं. धुतलेल्या पाण्याचं काय करता, हे माझ्या दीडशहाण्या डोक्यात आलंच नाही. आणि पाणी कोण खाण्यात धरतं, म्हणून गौतमीही कधी बोलली नव्हती.

पेला बाटलीत ओतून मी उरवड्याला पळाले. या वेळी मॉर्फीनची रेघ ताडकन वर गेली. शेजारी थेबाईन, बोंडातलंच दुसरं अल्कलॉइड, तेही दिसलं, म्हणजे मॉर्फीन गोळी-इंजेक्शनातलं नव्हतं, बोंडाच्या चिकातलंच होतं.

"घावली?" परतल्यावर आप्पांनी दारातच विचारलं.

"हो. पाण्यात."

"म्हंजी पोरगी खरी!" त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर कोनाड्यातल्या पेल्यावर गेली आणि त्यांनी आत जाऊन तो पालथा घातला.

"आता सुटंन का मी, ताई?" गौतमीने विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं. "शिक्षा कमी होईल. माफ होईलच असं नाही. पोटात काय गेलं त्याला खेळाडूच जबाबदार, देणारा कुणी का असेना."

"म्या दिलेलं आता कायबी घेऊ नगंस, पोरी," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले.

गौतमी अंगणात गेली. कालपासून तिथेच पडलेले बूट तिने उचलले, झटकले, उंबऱ्याशी नीट लावून ठेवले. मग पितळी पेला विसळला, माठातलं पाणी भरलं आणि बापाच्या हातात दिला.

"द्या," ती म्हणाली.

आप्पांनी पेला पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला; तिच्यापर्यंत येईस्तोवर निम्मं पाणी सांडलं. उरलेलं तिने एका दमात पिऊन टाकलं.