माझ्या पोटातलं तूस

मित्रांनो, तुम्ही मला बहुतेक ओळखणार नाही. मी पोटात रबराची गोळी असलेला जुना माउस आहे. भिवंडीत टेमघरला, केसरीनाथशेठच्या ऑफिसात कॉम्प्युटरला शेपटीने बांधलेला. शेठ मला 'उंदीर'च म्हणतात. म्हणू देत. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. खोटं कशाला बोलू?

शेठचा कापडाचा धंदा. पुढे दुकान, मागे चार लूम, मधे ऑफिस. ऑफिसात काचेचं टेबल आणि काचेखाली कापडाचे नमुने. दुकानात पाटी होती, 'मालाला हात लावू नये'. त्यावरूनच शेठच्या मुलीने, उन्नतीने, आपल्या वेबसाइटचं नाव ठेवलं, 'हात लावून बघा'. साल दोन हजार दोन. कॉलेजातून आली की ती मला हाताशी धरून बसायची. साइटचा विषय इंटरॅक्टिव्ह डिझाइन, म्हणजे आपण हात लावला की पडद्यावरच्या वस्तूने उत्तर कसं द्यावं. बटण दाबलं तर ते दबलेलं दिसलं पाहिजे, दार ढकललं तर करकरलं पाहिजे, असं ती लिहायची आणि करूनही दाखवायची. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटायची नाहीत, म्हणून एकेक ओळ चित्र करून चिकटवायची. ते सगळं माझ्यावर हात ठेवून केलं हो! आणि गेस्टबुकात नाशिकहून, सांगलीहून लोक लिहायचे, 'साइट मस्त'. 'माउस मस्त' असं एकानेही लिहिलं नाही.

माझ्याखाली लूमवरच्या कापडाचा तुकडा असायचा. त्याचं तूस, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, गोळीबरोबर माझ्या पोटात जायचं आणि मी अडायचो. मग उन्नती मला उलटा करून, गोळी काढून, केसांतल्या पिनेने ते खरवडायची. छान गुदगुल्या व्हायच्या. त्या गुदगुल्यांसाठी मी कधीकधी उगाचच अडायचो.

तेच अंगाशी आलं. दुकानात मदतीला असणारा तिचा चुलतभाऊ कुणाल एक दिवस मुंबईहून नवा माउस घेऊन आला. "गोळी न्हाय, कचरा न्हाय. पोटात लाइट हाय, बघ!" खरंच, खाली लाल दिवा. उन्नती "कसला भारी!" म्हणाली आणि मी खणात गेलो. खणाच्या फटीतून मला तो तिच्या वहीवरून मिरवताना दिसायचा. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

त्याच दिवसांत शेठ भडकले. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून चालायचं. उन्नती साइटवर असली की दुकानाचा फोन एंगेज. "माल घेनारी पार्टी इचारते, शेठ जिवंत हाय का? उद्यापासून हे बंद!" उन्नतीचा चेहरा उतरला. साइट म्हणजे तिचा जीव होता. ती म्हणाली, "बाबा, एकदा हात लावून बघा. मग खुशाल बंद करा."

तिने त्यांच्यासाठी मुद्दाम एक पान केलं होतं. पडद्यावर लूम. माउस डावीउजवीकडे नेला की आडवा धागा नेणारा धोटा पळायचा आणि कापड विणलं जायचं. घाई केली की धागा तुटायचा, तो क्लिक करून सांधायचा. बाबा बसणार म्हणून तिने टेबल लख्ख पुसलं, वहीसुद्धा उचलून ठेवली आणि लाल दिवेवाल्याला थेट काचेवर ठेवलं. शेठनी हात लावला. धोटा जागचा हलेना. मग एकदम कोपऱ्यात उडाला.

"धोटा उडतोय गो! खऱ्या लूमवर कुनाचा डोला गेला असता." शेठ उठायला लागले. उन्नतीचे डोळे भरून आले.

मित्रांनो, मला कारण ठाऊक होतं. काच! त्याच्या दिव्याला नुसत्या काचेवर काही दिसतच नव्हतं. पण मला तोंड असतं, तरी मी ते सांगितलं नसतं. माझी उन्नती रडायला आली होती आणि मी खणात खूश होतो. आजही त्याची लाज वाटते.

"दोन मिनिटं, बाबा!" तिने मला बाहेर काढलं, केसांतली पिन ओढली आणि माझं पोट साफ केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, इंटरनेट पुन्हा जोडलं. दोन नाही, दहा मिनिटं गेली. शेठ पाय हलवत कसेबसे बसून राहिले. मग त्यांचा जड हात माझ्यावर पडला. गोळी फिरली. धोटा गेला. आला. पुन्हा गेला. शेठ खुर्ची पुढे ओढून बसले.

इतक्यात कुणाल धावत आला. "काका, अंबाडी गावची पार्टी दारात उभी हाय. फोन लागत न्हाय म्हनून स्वतः आली!"

"बसव त्यांना," शेठ पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "माजा धागा तुटलाय."

साइट बंद झाली नाही. उलट दुकानासाठी फोनची दुसरी लाइन घेतली. पण मी जिंकलो असं समजू नका. चार दिवसांत काचेची भानगड उन्नतीच्या लक्षात आली आणि लाल दिवेवाला पुन्हा वहीवर चढला. पुढे ती डिझाइन शिकायला पुण्याला गेली, तेव्हाही त्यालाच घेऊन गेली. मी जळलो का? अहो, जळून कोळसा झालो!

आता मी शेठचा. दुपारी जेवून आले की ते 'हात लावून बघा' उघडतात, उन्नतीने नवीन काय टाकलंय ते बघतात आणि मग थोडं विणतात. मी अडलो की स्वतः गोळी काढून फुंकर मारतात. म्हणून तुम्हाला एकच विनंती. तुमची एखादी जुनी वस्तू अडली तर लगेच फेकू नका. आधी उलटी करून तिच्या पोटात बघा. कित्येकदा चिमूटभर तूसच असतं.

परवा दिवाळीची साफसफाई चालली होती. कुणालने मला शेपटीला धरून उचललं आणि विचारलं, "काका, हा टाकू भंगारात?"

शेठ दुकानातून ओरडले, "ए! त्याला हात लावायचा न्हाय!"

काय रे लाल दिवेवाल्या, पुण्यापर्यंत ऐकू आलं का?